‘नकल गरम करून सरळ होतो’ म्हणणाऱ्यांना उत्तर

पिकअप चालवणाऱ्यांमध्ये सध्या एक सल्ला हातोहात फिरतो आहे. थोडक्यात तो असा: पुढच्या चाकाचा नकल (चाकाला गाडीशी जोडणारा आणि स्टिअरिंगबरोबर वळणारा भाग) म्हणजे भरीव लोखंड, त्याला काही होत नाही. वाकलाच तर गरम करून सरळ होतो, चीर गेली तर वेल्डिंग बसतं. मग अलाइनमेंट केली की गाडी सरळ चालते. अगदी बदलायचाच झाला तर भंगारातला आणा, जुनंच बेअरिंग आणि जुनेच नट घाला, घरच्या घरी तासाभरात काम होतं. नवा घ्यायला सांगणारा मेकॅनिक तुम्हाला लुटतोय.

या सल्ल्याला इतके लोक का मानतात ते मला समजतं. कांदा, भाजी, दूध वाहणाऱ्याची गाडी एक दिवस उभी राहिली तर त्या दिवसाचं भाडं बुडतं. हप्ता मात्र थांबत नाही. पण हा सल्ला मानून घाट उतरणाऱ्या गाडीत ड्रायव्हर असतो, शेजारी क्लीनर असतो आणि समोरून कुणीतरी दुचाकीवर येत असतो. म्हणून एकेक मुद्दा घेऊन उत्तर देणं मला गरजेचं वाटतं.

आधी त्यातलं खरं ते मान्य करू. नकल बदला असं कुणी सांगितलं म्हणजे तो गेलेलाच असतो असं नाही. चाकातून घरघर येणं, चाक हलणं, गाडी एका बाजूला ओढणं यामागे अनेकदा बेअरिंग, बॉल जॉइंट (नकलला आर्मशी जोडणारा फिरता सांधा) किंवा टाय रॉड एंड (स्टिअरिंगच्या दांड्याचं टोक) असतो. पाहायची रीत सोपी आहे. चाक जॅकवर उचला, वर-खाली धरून हलवा. हलत असेल तर दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगा. ब्रेक दाबल्यावर हलणं थांबलं तर दोष बेअरिंगचा. तरीही हलत राहिलं तर बॉल जॉइंटचा, किंवा जुन्या पद्धतीच्या एक्सलवर किंगपिनचा, म्हणजे चाक ज्याभोवती वळतं त्या खिळीचा. डावी-उजवीकडे धरून हलत असेल तर टाय रॉड एंड पाहा. एवढी तपासणी न करता कुणी थेट नकलचं बिल पुढे केलं तर त्याला जाब विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

आता ‘भरीव लोखंडाला काही होत नाही’ हा दावा. चाकाला गाडीशी जोडणारं सगळं या एकाच तुकड्यावर येऊन मिळतं: सस्पेन्शनचा वरचा आणि खालचा आर्म, टाय रॉड, हब (ज्यावर चाक बसतं तो भाग), बेअरिंग, ब्रेकचा कॅलिपर (पॅड दाबणारा भाग). ब्रेक मारल्यावर वजन पुढे झुकतं आणि थांबवण्याचं जास्त काम पुढची चाकं करतात. चाकाची त्रिज्या साधारण ३५ सेंटिमीटर आणि कॅलिपर मध्यापासून १२ सेंटिमीटरवर धरला, तर रस्ता चाकाला जितक्या जोरानं मागे ओढतो त्याच्या जवळपास तिप्पट जोर कॅलिपरच्या बोल्टांवाटे नकलच्या कानांवर पडतो. हे रोजचं झालं. चाक दुभाजकावर आडवं आदळलं किंवा भरल्या गाडीनिशी खोल खड्ड्यात गेलं की त्याच्या कितीतरी पट जोर एका क्षणात येतो आणि नकलचा स्पिंडल (ज्या दांड्यावर चाक फिरतं तो) किंवा स्टिअरिंग आर्म (टाय रॉड जोडतात तो) वाकतो. तो वाक डोळ्यांना दिसत नाही. पंधरा सेंटिमीटर लांबीच्या स्पिंडलला एक अंशाचा वाक आला तर टोकाला फरक पडतो जेमतेम अडीच मिलिमीटरचा. टायरला मात्र तो फरक कळतो, एका बाजूनं झिजून.

गरम करून सरळ करण्याचा सल्ला या सगळ्यात सर्वात घातक आहे, म्हणून इथे थोडं थांबू.

नकल मुख्यतः दोन प्रकारचे असतात. एक पोलादाचा, फोर्जिंग केलेला, म्हणजे तापवून ठोकून घडवलेला. पुण्यात मुंढव्याला १९६१ साली स्थापन झालेली भारत फोर्ज अशाच कामासाठी जगभर ओळखली जाते. एक्सल बीम आणि नकल तिच्या नेहमीच्या मालात आहेत. दुसरा प्रकार ओतीव, डक्टाइल आयर्नचा. कोल्हापूरच्या शिरोली-गोकुळ शिरगाव पट्ट्यातल्या फाउंड्रीवाल्यांना हे लोखंड चांगलं ठाऊक आहे. दोघांची ताकद नुसत्या आकारातून येत नाही, आतल्या रचनेतून येते.

फोर्जिंगच्या पोलादाला घडवल्यावर ठरावीक उष्णतेची प्रक्रिया देतात. आधी तापवून झटकन थंड करतात, मग पुन्हा ठरलेल्या तापमानाला, बहुतेक ५०० ते ६५० अंश सेल्सिअसच्या आसपास, ठेवून त्यात कणखरपणा आणतात. गॅस टॉर्चनं लालभडक केलं की तो भाग सातशेच्या पुढे जातो आणि ती सगळी मेहनत पुसली जाते. पुढे तो भाग मऊ पडेल की ठिसूळ होईल, हे कसा थंड झाला यावर ठरतं. पाणी ओतलं, वाऱ्यात ठेवला, वाळूत पुरला, प्रत्येक वेळी निराळा नकल तयार होतो, आणि त्यातला तुमच्या गाडीत कोणता बसला ते कुणालाच सांगता येत नाही.

डक्टाइल आयर्नचं दुखणं वेगळं. त्यात साडेतीन टक्क्यांच्या आसपास कार्बन असतो. पोलादाच्या नकलमध्ये तो साधारण ०.४ टक्के. ओतताना मॅग्नेशियम घालून हा कार्बन गोल दाण्यांच्या रूपात बसवलेला असतो, म्हणून ते लोखंड बिडासारखं पटकन तडकत नाही. वेल्डिंगच्या उष्णतेनं हे दाणे विरघळतात आणि वेल्ड पटकन निवला की शेजारी काचेसारखा कडक, ठिसूळ पट्टा तयार होतो. वरून शिवण सुंदर दिसते. पुढची चीर त्या पट्ट्यातून जाते. निकेलचा रॉड, आधी तापवणं, हळूहळू निववणं असे उपाय आहेत आणि मशीनच्या बॉडीसाठी, पंपाच्या केसिंगसाठी ते वापरतातही. पण पंपाचं केसिंग पुन्हा तडकलं तर पाणी गळतं. इथे चाक निघून जातं.

‘गरम न करता प्रेसवर थंडच सरळ केला तर?’ हाही प्रश्न येतो. एकदा वाकलेला धातू उलटा वाकवला की तोच भाग दुसऱ्यांदा ताणला जातो आणि आत बारीक चिरा पडू शकतात. रंग लावून चीर शोधायची चाचणी असते: लाल द्रव लावायचा, पुसायचा, वर पांढरी पावडर मारायची. पण ती पृष्ठभागापर्यंत आलेली चीर दाखवते, आतली दाखवत नाही. गाडी कंपन्यांच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये स्टिअरिंग आणि सस्पेन्शनचे भाग तापवू, वेल्ड करू किंवा सरळ करू नका अशी सूचना असते ती याच कारणानं.

‘अलाइनमेंट केली की झालं’ या वाक्यानं बरेच जाणकारही फसतात, कारण मशीनवरचे आकडे खरोखर हिरवे होतात. रस्त्याकडेच्या झटपट अलाइनमेंटमध्ये बहुधा फक्त टो, म्हणजे पुढची दोन्ही चाकं एकमेकांना समांतर आहेत का, तेवढं जुळवतात. समजा नकलचा स्टिअरिंग आर्म वाकलाय. टाय रॉड फिरवून सरळ रस्त्यापुरता टो आणता येतो आणि गाडी सरळ चालते. वळणावर मात्र आतलं चाक बाहेरच्यापेक्षा किती जास्त वळायचं हे त्या आर्मच्या कोनावर ठरतं आणि ते गणित बिघडलेलंच राहतं. घाटातल्या प्रत्येक वळणावर टायर घासतात, कुरकुरतात, आणि मालक टायरच्या कंपनीला दोष देतो.

स्पिंडल वाकला असेल तर कॅम्बर, म्हणजे चाकाचा आत-बाहेरचा झुकाव, बदलतो. पुष्कळ पिकअपमध्ये आर्मचे कॅम बोल्ट किंवा शिम (पातळ पट्ट्या) हलवून तोही आकड्यात आणता येतो. म्हणजे वाकलेला भाग तसाच ठेवून शेजारचा चांगला भाग वाकडा बसवायचा.

वाक शोधायचा खरा मार्ग त्याच मशीनमध्ये आहे, पण तो मागावा लागतो. चाक ज्या आसाभोवती वळतं त्याचा आत झुकलेला कोन मोजायला सांगा. मशीनवर तो केपीआय किंवा एसएआय नावानं येतो. ब्रेक दाबून धरून स्टिअरिंग दोन्ही बाजूंना फिरवून तो मोजतात. त्यात कॅम्बर मिळवा. आलेली बेरीज नकलच्या घडणीतच ठरलेली असते, कुठलाही बोल्ट फिरवून ती बदलत नाही. डाव्या-उजव्या बाजूच्या बेरजेत एक अंशाचा फरक असेल तर वाक नकलमध्ये किंवा स्पिंडलमध्ये आहे असं समजा. बेरीज सारखी आणि नुसता कॅम्बर बिघडलेला असेल तर नकलला हात लावू नका. आर्म, क्रॉस मेंबर किंवा एक्सल बीम पाहा. मला विचाराल तर नकल बदलायचा की नाही हा वाद मशीनच्या या मोजणीच्या एका कागदावर मिटायला हवा.

भंगारातला नकल सरसकट वाईट म्हणणार नाही. पण कुर्ल्याच्या किंवा दिल्लीच्या मायापुरीच्या बाजारात आलेली बरीचशी गाडी अपघातातून आलेली असते आणि तिच्या कुठल्या चाकानं मार खाल्ला ते दुकानदार सांगत नाही. तो नकल गरम करून सरळ केलेला नाही याची खात्री कोण देणार? शिवाय डावा-उजवा वेगळा, एबीएसचा वेगळा, फोर-व्हील ड्राइव्हचा वेगळा. दिसायला सारखा आणि बोल्टही बसतात, पण स्टिअरिंग आर्मचा कोन दुसऱ्या मॉडेलचा. बॉल जॉइंट बसतो ते निमुळतं भोक अंडाकार झालेलं असेल तर नवा जॉइंटही तिथे डुगडुगतो. चेसिस नंबरवरून पार्ट नंबर काढून घेतलेला नवाच बरा.

जुनं बेअरिंग नव्या नकलमध्ये घालणं ही काटकसर नाही. दाबून बसवलेलं बेअरिंग काढताना जोर बहुधा गोळ्यांमधून जातो आणि आतल्या वाटेवर खळगे पडतात. तेच परत घातलं की थोड्या दिवसांत घरघर सुरू. नवं बसवतानाही प्रेसचा जोर बाहेरच्या कड्यावरच द्यायचा. निमुळत्या रोलरचं बेअरिंग असेल तर ते धुऊन, निरखून पुन्हा वापरता येतं, कड्या मात्र जोडीनंच राहायला हव्यात. स्प्लिट पिन आणि नायलॉनचे नट नेहमी नवे. बॉल जॉइंटच्या खाचेच्या नटाला पिनचं भोक जुळत नसेल तर तो आणखी आवळून जुळवायचा, कधीही सैल करून नाही. निमुळत्या बेअरिंगच्या हब नटाचं नेमकं उलटं. आणि बॉल जॉइंटचा निमुळता दांडा, त्याचं भोक दोन्ही कोरडं पुसून बसवायचं, ग्रीस लावून नाही.

राहिलं ‘घरी तासाभरात’. हे वाक्य वाचून मला खरोखर भीती वाटते. कॉइल स्प्रिंगच्या गाडीत खालच्या आर्मवर दाबलेली स्प्रिंग असते. आर्मखाली जॅक न लावता बॉल जॉइंट सोडवला तर आर्म खाली झेपावतो, स्प्रिंग बाहेर उडते, आणि समोरच्याचा हात किंवा डोकं सापडलं तर जीव जातो. टॉर्शन बारच्या (कॉइल स्प्रिंगऐवजी पीळ घेणारा दांडा असलेल्या) गाडीत बार आधी सैल करावा लागतो. चेसिस नुसत्या जॅकवर नाही, स्टँडवर हवी. नट पूर्ण काढायचा नाही, काही आटे ठेवायचे, मग पुलर लावायचा किंवा नकलच्या कानावर बाजूनं हातोडा द्यायचा. दांड्याच्या टोकावर मारलं की आटे गेले. कॅलिपर ब्रेकच्या होजवर लोंबकळू द्यायचा नाही, तारेनं बांधायचा. टॉर्क रेंच (नट ठरलेल्या जोरानं आवळणारा पाना) नसेल तर हे काम हातात घेऊ नका. काम झाल्यावर पूर्ण अलाइनमेंट आणि काहीशे किलोमीटरनंतर सगळे नट पुन्हा तपासणं, हेही त्या कामातच येतं.

आणि लुटण्याबद्दल. नकल अपघातात वाकला असेल आणि गाडीचा कॉम्प्रिहेन्सिव्ह विमा (स्वतःच्या गाडीचं नुकसानही भरून देणारा) असेल तर त्याचा दावा करता येतो. धातूच्या भागावर गाडीच्या वयाप्रमाणे घसारा कापतात: दुसऱ्या वर्षात १० टक्के, पाच ते दहा वर्षांच्या गाडीला ४० टक्के. म्हणजे जुन्या गाडीलाही अर्ध्याहून जास्त किंमत मिळू शकते. फक्त विमा कंपनीचा सर्व्हेअर पाहून जाईपर्यंत गाडी खोलू नका, जुना नकल भंगारात देऊ नका आणि अलाइनमेंटचा तो कागद दाव्याला जोडा. गरम करून सरळ केलेल्या नकलवर मात्र सर्व्हेअरला दाखवायला काहीच उरत नाही.