तिला पाहुणी करू नका

काल कॉलनीतल्या एका वहिनींचा फोन आला. रोटरी क्लबच्या युथ एक्सचेंजमधून (मुलं परदेशातल्या कुटुंबांत राहून शिकतात ती योजना) त्यांच्याकडे ऑगस्टमध्ये ब्राझीलचा मुलगा येतोय, वर्षभर इथल्याच कॉलेजात अकरावीला बसणार. "तिखट कितपत चालेल हो त्याला? एसी बसवून घेऊ का?" त्यांची धांदल ऐकून मला आमचं पहिलं वर्ष आठवलं.

आमच्याकडे १६ वर्षांची जर्मन मुलगी आली तेव्हा मीही हेच केलं होतं. नवे पडदे, नवी गादी, फ्रीजमध्ये चीज. ताट उचलायला गेली की मी म्हणायचे, "राहू दे, राहू दे." तीन आठवडे सगळं छान चाललंय असं मी लोकांना सांगत होते. मग एक दिवस तिच्या खोलीत केर काढताना कपाटातून कुबट वास आला. उघडलं तर खालच्या कप्प्यात, पिशवीत दमट कपडे. आतले कपडे. नाशिकचा श्रावण, पाऊस थांबायचं नाव नाही, आणि पोरगी रात्री बाथरूममध्ये कपडे धुऊन बॅगेवर पसरून वाळवत होती. गॅलरीतल्या दोरीवर सासऱ्यांची धोतरं. तिथे आपले कपडे घालावेत का, कुणाला विचारावं, तिला कळत नव्हतं. मी तिला रोज आग्रह करकरून वाढत होते, पण कपडे कुठे वाळत घालायचे ते सांगितलंच नव्हतं. फार लागलं मनाला.

या मुलांकडे पहिल्या रात्री विचारायच्या प्रश्नांची यादी असते. तुम्हाला काय म्हणून हाक मारू? मळके कपडे कुठे टाकू? आंघोळीला कधी जाऊ? भूक लागली तर फ्रीजमधलं आपणहून घेऊ का? आमच्याकडे ती यादी बॅगेतच राहिली, कारण पहिल्या रात्री अर्धी कॉलनी तिला बघायला जमली होती. कपाटाच्या प्रसंगानंतर आम्ही दोघी जमिनीवर बसलो आणि एकेक प्रश्न घेतला. पाळीत देवघरात गेलं तर चालेल का, हेही तिने विचारलं. तिने कुठेतरी ऐकलं होतं आणि तेव्हापासून ती देवघराच्या दारातूनच मागे फिरायची! सासूबाईंनीच सांगितलं, "आमच्याकडे चालतं गं."

दुसऱ्या दिवसापासून कोशिंबिरीची काकडी चोचवायचं काम तिचं. मला ती काकू म्हणायला लागली.

कॉलेजातही तेच झालं होतं. पहिले दोन दिवस सेल्फीला रांग, हार, स्वागत, पहिला बाक. तिसऱ्या दिवसापासून ती एकटी. वर्गातली मुलं आपसात मराठी बोलणार, सुट्टीत एकमेकींच्या डब्यात हात घालणार. हिला वाटायचं, न विचारता दुसऱ्याच्या डब्यातलं कसं घ्यायचं? आणि मुलींना वाटायचं, हिला आपलं आवडत नसेल. मी सरांना भेटून एवढंच मागितलं की रोज सोबत बसणारी एक मुलगी ठरवून द्या. मग आमच्याच गल्लीतली, सायकलवर येणारी एक मुलगी पुढे आली. तिच्या डब्यातला ठेचा खाऊन हिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिथून मैत्री जमली.

कागदपत्रांचं मात्र लांबणीवर टाकू नका. परदेशी व्यक्ती घरी उतरली की २४ तासांत तिच्या मुक्कामाची माहिती देणारा ऑनलाइन फॉर्म (सी फॉर्म म्हणून ओळखला जाणारा) भरावा लागतो आणि लांबच्या मुक्कामाच्या व्हिसावर परदेशी नागरिक नोंदणीही लागते. क्लबची माणसं मदत करतात, तरी आपण विचारावं.

आणि डिसेंबर सांभाळा. गणपती-दिवाळीत ही मुलं रमतात, नाताळ आला की मिटतात. आमची दोन दिवस जेवली नाही. मी तिला बोलतं करायचा हट्ट धरला नाही. संध्याकाळी नुसती तिच्या शेजारी मटार सोलत बसले. थोड्या वेळाने तिने परातीत हात घातला.

पहिल्या रात्रीच्या त्या प्रश्नांचं मी मराठी करून ठेवलंय, आपल्या घरांना लागणारे चार प्रश्न वाढवून. यंदा कुणाकडे मूल येणार असेल तर मला मेसेज करा, पाठवते. वहिनींना कालच पाठवलं.