स्टेम सेलवर मत ठोकून देण्याची सोपी रीत

अमेरिकेतल्या मराठी मंडळींच्या एका ऑनलाइन चर्चेला परवा बसावं लागलं. विषय: भ्रूणापासून काढलेल्या स्टेम सेलवरच्या (म्हणजे शरीरातल्या कुठल्याही पेशीत बदलू शकणाऱ्या मूळ पेशींवरच्या) संशोधनाला तिथल्या सरकारने पैसा द्यावा का. दोन्ही बाजूंचे घसे बसले, तरी सरकारी पैसा नेमका कुठल्या कामावर खर्च होतो हे एकाही माणसाने विचारलं नाही. तेव्हा लक्षात आलं की या वादात माहिती म्हणजे निव्वळ अडगळ. पुढच्या वेळी तुमची पंचाईत होऊ नये म्हणून या थोड्या सूचना.

सुरुवात फोटोने करा. ‘भ्रूण’ म्हटलं की अंगठा चोखणारं, नखं फुटलेलं बाळ दाखवा. पाच-सहा दिवसांचा, शंभर-दीडशे पेशींचा, नुसत्या डोळ्यांना जेमतेम ठिपक्याएवढा दिसणारा पोकळ गोळा दाखवू नका. तो बशीत वाढलेला असतो, गर्भाशयात कधी गेलेलाच नसतो, आणि त्याला पाहून कुणाला रडू येत नाही. तुम्ही समोरच्या बाकावर असाल तर उलट करा: ‘चिमूटभर पेशी हो!’ म्हणा, आणि तो ठिपका योग्य जागी पोचला तर त्याचा माणूस होऊ शकतो, हे वाक्य गिळून टाका.

मग ‘सरकार भ्रूण मारायला पैसे देतं’ हे पाठ करा. हे ठणकावून म्हणायचं असेल तर डिकी-विकर हे नाव कानावर पडू देऊ नका. 1996 पासून अमेरिकी काँग्रेस आरोग्य खात्याच्या खर्चाच्या विधेयकाला दरवर्षी हे कलम चिकटवते: संशोधनासाठी भ्रूण तयार करणं, किंवा ज्यात भ्रूण नष्ट होतो असं संशोधन, यावर केंद्राचा एक डॉलरही जाणार नाही. क्लिंटन, बुश, ओबामा, सगळ्यांच्या काळात ते जिथल्या तिथे राहिलं. गोळ्याचं बाहेरचं आवरण काढून आतल्या पेशी वेगळ्या करणं ही पायरी खासगी पैशाने किंवा राज्याच्या पैशाने होते. त्या पेशी बशीत तग धरून वाढत राहिल्या की त्यांना ‘लाइन’ म्हणायचं. तिच्या कुप्या गोठवून जगभर पाठवता येतात. भांडण आहे ते या कुप्यांवर पुढे काम करणाऱ्याला सरकारी ग्रँट द्यायची की नाही याचं. ‘वापराला पैसा दिला की नष्ट करणाऱ्याला गिऱ्हाईक मिळतं’ असा एक खणखणीत आक्षेप इथे घेता येतो, आणि त्याला उत्तर देणं सोपं नाही. पण त्या चर्चेत तो कुणीच घेतला नाही. त्याला आधी पायऱ्या माहीत असाव्या लागतात.

‘निसर्गाच्या विरुद्ध आहे’ असं चष्म्याच्या काचा पुसत म्हणा. चष्म्याकडे कुणाचं लक्ष जात नाही.

आयव्हीएफचा, म्हणजे शरीराबाहेर बशीत गर्भ तयार करून मूल होऊ देणाऱ्या उपचाराचा, विषय निघाला तर पाणी प्यायला उठा. 2002 साली केलेल्या मोजणीत अमेरिकेतल्या आयव्हीएफ केंद्रांमध्ये सुमारे 4 लाख भ्रूण द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून ठेवलेले होते; बहुतेक त्या-त्या जोडप्यांनी स्वतःसाठी राखलेले, संशोधनासाठी दिलेले 3 टक्क्यांहूनही कमी. कुटुंब पूर्ण झालं की उरलेल्यांचं काय होतं? दुसऱ्या जोडप्याला दिले जातात थोडे. बरेचसे वितळवून टाकून दिले जातात. त्या टाकण्याविरुद्ध कुणी व्हेटो वापरल्याचं ऐकलंय? बुश यांनी आपला पहिला व्हेटो 19 जुलै 2006 रोजी वापरला तो अशा उरलेल्या भ्रूणांपासून काढलेल्या लाइनींना ग्रँट देणाऱ्या विधेयकावर, आणि सोबत होती गोठवलेल्या भ्रूणांपासून जन्मलेली दत्तक मुलं. देखावा छान होता. कॅथलिक चर्चचं मला पटत नाही, पण ते निदान आयव्हीएफलाही विरोध करतं. त्याचा हिशेब जुळतो. बाकीच्यांचा अलाबामा राज्यात उघडा पडला. फेब्रुवारी 2024 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने गोठवलेले भ्रूणही कायद्याने मुलंच ठरवले, केंद्रांनी उपचार थांबवले, आणि भ्रूणाच्या नावाने मतं मागणाऱ्या त्याच विधिमंडळाने काही आठवड्यांत केंद्रांना संरक्षण देणारा कायदा घाईघाईने केला. मतदारांना बाळ हवं होतं ना!

आता तारखा. ‘मधला मार्ग’ म्हणून एक तारीख ठरवावी, हे बोलायला फार समंजस वाटतं, तर तेही बोला. 9 ऑगस्ट 2001, रात्री 9 वाजता. त्या क्षणापूर्वी काढलेल्या लाइनींवर सरकारी पैसा चालेल, नंतरच्यांवर नाही, असं बुश यांनी टीव्हीवर जाहीर केलं. म्हणजे साडेआठला नष्ट झालेला भ्रूण चालतो, साडेनऊचा पाप. साठाहून जास्त लाइनी उपलब्ध आहेत असं सांगितलं गेलं. महिनाअखेरीला यादी निघाली: 10 प्रयोगशाळा, 64 लाइनी. त्यात स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या 19, आणि आपल्याकडच्या 10: मुंबईच्या रिलायन्स लाइफ सायन्सेसच्या 7, बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्राच्या 3. पेपरांनी काय छाती फुगवली होती! पुढे संशोधकाला प्रत्यक्ष मागवता येतील अशा लाइनी उरल्या वीस-बावीस, आणि त्यांत मुंबई-बंगळुरूची एकही नव्हती. यादीतली ‘लाइन’ म्हणजे कित्येक ठिकाणी सुरुवातीच्या पेशींच्या दोन-चार गोठवलेल्या कुप्या. वितळवल्यावर त्या वाढल्याच नाहीत, किंवा वाढता वाढता नको त्या पेशींमध्ये बदलून गेल्या. हे बशीत रोज घडतं. पेशींचा पोषक द्रव रोज बदलावा लागतो, वसाहती पाच-सात दिवसांनी तोडून नव्या बशीत घालाव्या लागतात, रविवार असो की दिवाळी. हयगय झाली की पेशी आपापल्या वाटेने जातात. फार वेळा तोडल्या की गुणसूत्रांत गडबड होते. 12 किंवा 17 क्रमांकाच्या गुणसूत्राची जादा प्रत मिळवलेल्या पेशी भराभर वाढून बाकीच्यांना मागे टाकतात, म्हणून ठरावीक काळाने गुणसूत्रं तपासावी लागतात.

शिवाय त्या सगळ्या जुन्या लाइनी उंदराच्या पेशींच्या थरावर वाढवलेल्या. 2005 साली सॅन डिएगोच्या संशोधकांनी दाखवलं की अशा मानवी पेशींच्या अंगावर माणसाचं शरीर बनवतच नाही अशी एक प्राणिज साखर चिकटून बसते, आणि आपल्या रक्तात तिच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयारच असतात. जनावराचा स्पर्श न झालेल्या नव्या लाइनी काढा म्हणावं, तर तारीख उलटून गेलेली!

मग सुरू झालं सोवळं-ओवळं. सरकारी पैशाने घेतलेल्या सूक्ष्मदर्शकाखाली तारखेनंतरची पेशी आली तर ग्रँट धोक्यात. म्हणून अनेक प्रयोगशाळांत इन्क्युबेटर दोन, फ्रीजर दोन, पिपेट दोन, त्यांवर रंगीत चिकटपट्ट्या. हिशेब वेगळे, माणसांचे तास वेगळे. हार्वर्डच्या डग्लस मेल्टन यांनी 17 नव्या लाइनी काढून वाटल्या, पण त्यासाठी संपूर्ण काम खासगी पैशावर उभं करावं लागलं. ज्याच्यामागे श्रीमंत संस्था नव्हती त्याने काय करायचं होतं? आणि नैतिकतेचं नेमकं काय राखलं गेलं यात? भ्रूण वाचले? एकही नाही! कॅलिफोर्नियाने 2004 साली मतदान घेऊन 3 अब्ज डॉलरचे रोखे काढले आणि काम तिकडे चालू राहिलं. केंद्राचा पैसा नव्हता, म्हणजे त्याच्याबरोबर येणारी केंद्राची देखरेखही नव्हती. नियम हवेत म्हणणाऱ्यांनीच नियम लावायची संधी घालवली, आणि वर स्वतःला संयमी म्हणवून घेतलं.

असो. पुढची सूचना.

‘प्रौढ स्टेम सेलने डझनावारी आजार बरे झाले, भ्रूणाच्या पेशींनी शून्य’ हा हुकमी एक्का. टाकताना प्रौढ स्टेम सेलवरच चालणारं अस्थिमज्जा प्रत्यारोपण 1950 च्या दशकापासून चालू आहे आणि माणसाच्या भ्रूणाच्या पेशी विस्कॉन्सिनच्या जेम्स थॉमसन यांनी 1998 मध्ये पहिल्यांदा काढल्या, हे सांगू नका.

‘आयपीएस आलं, आता भ्रूण कशाला?’ हेही चालेल. आयपीएस म्हणजे साध्या प्रौढ पेशींना मागे नेऊन भ्रूणाच्या पेशींसारखं बनवलेल्या पेशी. जपानी शास्त्रज्ञ यामानाकांच्या त्या पेशी खऱ्या उतरल्या की नाही हे ज्यांच्याशी ताडून ठरवलं, त्या कुठल्या होत्या, हे कुणी विचारत नाही.

समोरच्या बाजूला असाल तर वचनं द्या. 2004 च्या निवडणुकीत उपाध्यक्षपदाचे उमेदवार जॉन एडवर्ड्स यांनी दिलं, की अध्यक्षपदाचे उमेदवार केरी जिंकले तर कण्याला इजा होऊन लुळा पडलेला नट ख्रिस्तोफर रीव्ह याच्यासारखी माणसं खुर्चीतून उठून चालू लागतील. अल्झायमर झालेले माजी अध्यक्ष रेगन वारल्यावर त्या आजाराचं नावही यात ओवलं गेलं, मेंदूभर पसरणाऱ्या त्या आजारात पेशी बदलून भागण्याची आशा फार कमी आहे हे जाणकार सांगत असताना. कण्याच्या दुखापतीवरची पहिली चाचणी जेरॉन कंपनीने 2010 मध्ये सुरू केली आणि 2011 मध्ये बंद केली. सरकारने अडवली नव्हती. कंपनीने पैशाचा हिशेब करून गाशा गुंडाळला. एच-9 या थॉमसन यांच्याच जुन्या लाइनीपासून बनवलेल्या मेंदूपेशी पार्किन्सनच्या 12 रुग्णांत घालून बघितल्याचे निष्कर्ष 2025 मध्ये छापून आले. लाइन हाती आल्यापासून 12 रुग्णांच्या सुरक्षिततेच्या चाचणीपर्यंत 27 वर्षं. कारण बशीतल्या पेशींपैकी थोड्या जरी कच्च्या राहिल्या तरी त्यांची गाठ होऊ शकते, आणि ती डोक्यात झाली तर काय करणार?

आता उपरोध पुरे. तुम्ही दोघांनी मिळून लोकांच्या डोक्यात भरवलंय की औषध तयार आहे, कुठल्याशा कपाटात आहे, आणि किल्ली सरकारकडे आहे. एकाने ते पापाचं म्हणून आरडाओरडा केला, दुसऱ्याने चमत्काराचं म्हणून. ‘स्टेम सेल’ या शब्दाला जो भाव आला तो तुमच्या भाषणांनी आला, आणि त्यावर दुकानं थाटली गेली आपल्याकडे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने स्वच्छ लिहून ठेवलंय की रक्ताच्या ठरावीक आजारांसाठीचं प्रत्यारोपण सोडलं तर बाकी सगळं अजून संशोधन आहे, ते मान्यताप्राप्त चाचणीतच व्हायला हवं आणि त्याचे पैसे रुग्णाकडून घ्यायचे नाहीत. तरीही ऑटिझम असलेल्या पोराच्या पाठीत सुई टोचायला बाप शेत विकतो. त्या सुईत बहुतेकदा भ्रूणाच्या पेशी नसतात, त्याच पोराच्या कमरेच्या हाडातून काढलेल्या पेशी असतात, आणि ऑटिझमवर त्यांचा उपयोग होतो याला पुरावा नाही. हे सांगायला तुमच्यापैकी एकाने तोंड उघडलं नाही. डॉक्टर होते त्या चर्चेत. तिघे. तेही व्हेटोवरच भांडत होते. लाज वाटायला हवी होती त्यांना.