नाना, फेरेट म्हणजे उंदीर नई शे

तो फॉरवर्ड मला आता चौथ्यांदा आलाय, आधी भाऊबंदांच्या ग्रुपवर, मग केळीवाल्यांच्या ग्रुपवर, आणि परवा भरीत पार्टीला नानांनी तो मोठ्याने वाचूनच दाखवला. मजकूर थोडक्यात असा: फ्लूची लस फेरेट नावाच्या उंदरावर तपासतात, जनावराचा आजार वेगळा अन् माणसाचा वेगळा म्हणून ती लस बिनकामाची, बर्ड फ्लू याच फेरेटमध्ये तयार करून आपल्या नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला सोडला, आणि अमेरिकेने तर आता प्राण्यांवरच्या टेस्ट बंदच करून टाकल्या. पानावर भरीत-पुरी असताना कोण वाद घालतं, म्हणून तेव्हा गप्प बसलो.

तर उंदीर. फेरेट उंदीर नाहीये हो, उंदीर खाणारं जनावर आहे ते. दिसायला मुंगसासारखं लांबोडकं, पण मुंगूसही नाही, आपल्या पाणमांजराच्या भावकीतलं. युरोपात सशाच्या बिळात सोडायला पाळायचे. आणि उंदीर नाही म्हणूनच तर त्याला घेतात, कारण माणसाचा फ्लू उंदराला सहसा नीट धरतच नाही, आधी तो व्हायरस उंदरात मुरवावा लागतो आणि तरी फ्लू झालेला उंदीर काही आपल्यासारखा शिंकत नाही. फेरेट शिंकतो, नाक गळतं, ताप येतो, मरगळून पडून राहतो. माणसाच्या नाका-घशातल्या पेशींवर जी साखर असते, जिला फ्लूचा व्हायरस चिकटतो, तीच फेरेटच्या नाकातही आहे.

"जनावराचं जनावराला" या मुद्द्यावर तर मला हसूच आलं, कारण हे पाठवणारे निम्मे लोक केळी लावणारे. बागेत काकडी-भोपळा का लावत नाही आपण? केळीच्या हरण्या रोगाचा व्हायरस तिथून मावा या किडीवाटे केळीवर येतो म्हणूनच ना? काकडी अन् केळी काय सख्ख्या बहिणी आहेत का! १९३३ साली लंडनला विल्सन स्मिथ, अँड्र्यूज आणि लेडलॉ यांनी फ्लूच्या पेशंटच्या घशातलं पाणी फेरेटच्या नाकात सोडलं, फेरेट आजारी पडले, आणि माणसाच्या फ्लूचा व्हायरस पहिल्यांदा हाती लागला. पुढे १९३६ मध्ये एक आजारी फेरेट स्टुअर्ट-हॅरिस नावाच्या डॉक्टरच्या तोंडावरच शिंकला आणि दोन दिवसांच्या आत डॉक्टर अंथरुणावर. अजून काय पुरावा पाहिजे?

आता नवापूर, याच्यावर मी गप्प बसणार नाही, आमच्या मामांची पोल्ट्री तिथंच होती. फेब्रुवारी २००६, देशातला पहिला बर्ड फ्लू, लाखो कोंबड्या मारून खड्ड्यात पुरल्या, पुढच्याच महिन्यात आपल्या जळगाव जिल्ह्यातही निघाला. मामी सांगते की शेडमध्ये ती शांतता सहन होत नव्हती. आणि फॉरवर्डमधला फेरेटचा प्रयोग कधीचा? नेदरलँडचे फुशिए आणि अमेरिकेतले कावाओका हे शास्त्रज्ञ, दोघांचे पेपर छापून आले २०१२ ला. म्हणजे आग सहा वर्षं आधी लागली अन् काडी नंतर ओढली असं झालं! प्रयोग झाला हे खरं, बर्ड फ्लूचा व्हायरस हवेतून एका फेरेटकडून दुसऱ्याकडे जाऊ शकेल इतका बदलला होता, त्यावर जगभर बोंब झाली आणि शास्त्रज्ञांनी स्वतःहून वर्षभर असलं काम थांबवलं. असं करावं का यावर भांडा, मीही तुमच्या बाजूने भांडेन, पण नवापूर त्यात घुसडू नका.

अमेरिकेचं अर्धंच खरं. डिसेंबर २०२२ च्या कायद्याने नव्या औषधाची प्राण्यांवर टेस्ट केलीच पाहिजे ही सक्ती काढली. सक्ती काढली म्हणजे बंदी घातली असं नाही, एवढंच.

फेरेटवरच्या तपासणीतली खरी उणीव फॉरवर्डवाल्याला सापडलीच नाही. लसीत कोणता फ्लू घालायचा हे डब्ल्यूएचओवाले वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत आणि सप्टेंबरात ठरवतात. त्यासाठी फेरेटला एक फ्लू देतात, काही दिवसांनी त्याच्या रक्तातलं सीरम, म्हणजे व्हायरसला अडवणारी प्रथिनं असलेलं रक्तातलं पाणी, काढतात, आणि बारीक खड्ड्यांच्या प्लेटमध्ये ते सीरम, नवा व्हायरस आणि कोंबडीच्या नाहीतर टर्कीच्या रक्तपेशी एकत्र टाकतात. सीरमने व्हायरस अडवला तर पेशी तळाशी बसून लाल टिकली दिसते, नाही अडवला तर टिकली बसतच नाही, सगळं पसरट लालसर राहतं. पण हा फेरेट फ्लूच्या बाबतीत कोरा असतो, आधी कधीच फ्लू न झालेला. माझ्यासारखा माणूस दर दोन-तीन हिवाळ्यांनी शिंकून बसलेला, त्यामुळे माझं शरीर नव्या लसीला तसंच उत्तर देईल असं नाही, म्हणून माणसांचं सीरमही सोबत तपासतात. आणि फेरेटचे जीव जातात, ते तर आहेच.

नानांना हे सगळं पाठवलंय, अजून वाचलेलं नाही. लाईट रात्रीची आहे, ते पाणी भरायला गेलेत.