उन्हातलं पेट्रोल आणि आपली आडसाली

"शास्त्रज्ञांनी असं एन्झाइम शोधलंय की नुसत्या उन्हावर हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचं पेट्रोल होतं. दोन वर्षांत इथेनॉल बंद, उसाला कुणी विचारणार नाही." हा मेसेज आठवडाभर वाळवा तालुक्यात फिरतोय. काल शेजारच्या आबांनी विचारलं, "मग आडसाली (पावसाळ्यात लावतात तो दीड वर्षाचा ऊस) लावू का नको?" म्हणून लिहायला बसलो.

पहिलं म्हणजे, ते पेट्रोल नव्हे. फॉर्मेट डीहायड्रोजिनेज हे एन्झाइम, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारं प्रथिन, कार्बन डायऑक्साइडपासून फॉर्मेट बनवतं. त्याचंच आम्ल, फॉर्मिक आम्ल, काही मुंग्यांच्या चाव्यात झोंबतं. केंब्रिजमध्ये अर्विन राइस्नर यांच्या गटाने हे एन्झाइम प्रकाश शोषणाऱ्या पदार्थाला जोडून ते करून दाखवलंय. काम अस्सल आहे. पण किलोमागे फॉर्मिक आम्लात पेट्रोलच्या जेमतेम आठव्या हिश्श्याएवढी ऊर्जा असते.

"नुसत्या उन्हावर" हेही खरं नाही. कार्बन डायऑक्साइडचं फॉर्मेट व्हायला इलेक्ट्रॉन लागतात, ते कुठूनतरी आणावे लागतात. पाण्यातून काढणं अवघड, म्हणून बऱ्याच प्रयोगांत त्यासाठी वेगळं रसायन घालतात. ते संपलं की काम थांबतं. पाणी फोडलं तर प्राणवायू निघतो, आणि यातली बरीच एन्झाइम प्राणवायूनेच बिघडतात. उसाच्या पानातलं एन्झाइम खराब झालं तर ऊस नवं बनवतो. काचेच्या भांड्यात ते कोण बनवणार?

आता "हवेतून". लिटरभर पेट्रोल जाळलं की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. हवेत तो ०.०४ टक्के. तेवढा परत गोळा करायचा तर ३००० घनमीटर हवा गाळायला हवी, तीही कणभर न सोडता.

याउलट आमची डिस्टिलरी बघा. मी तिथे केमिस्ट आहे. इथेनॉलसाठी उसाची मळी (साखर काढल्यावर उरलेला पाक) आंबायला लागली की टाकी खदखदते, फेस चढतो. झाकणाशी वाकलं की नाकात झिणझिण्या येतात. जीव गुदमरू शकतो म्हणून तिथे एकट्याला आम्ही सोडत नाही. टाकीतून निघणारा तो वायू जवळपास निव्वळ कार्बन डायऑक्साइड असतो. १८० ग्रॅम ग्लुकोजचं हिशोबाने ९२ ग्रॅम अल्कोहोल, म्हणजेच इथेनॉल, होतं आणि ८८ ग्रॅम हा वायू. उद्या हे तंत्र खरंच कारखान्यापर्यंत आलं, तर त्याला लागणारा स्वच्छ वायू इथेनॉलच्या टाकीवरच मिळेल. मग इथेनॉल बंद कशाला होईल?

आबांना सांगितलं, पाण्याची सोय असेल तर लागण करा, आणि उसाची मुळं खाणाऱ्या हुमणी अळीचा बंदोबस्त आधी बघा.