चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर आधी बंद करा

ताम्हिणी असो, आंबोली असो, नाहीतर खंडाळा. पावसाचा जोर वाढला, धुकं उतरलं की एकामागून एक गाड्या चारही इंडिकेटर लुकलुकवत चाललेल्या दिसतात. हात जोडून सांगतो, हे थांबवा.

ते लाल त्रिकोणाचं बटण उभ्या गाडीसाठी आहे. गाडी बंद पडली, टायर बदलताय, दरड येऊन पुढे रस्ता अडलाय, तेव्हा जरूर दाबा. चालत्या गाडीत दाबलं की बहुतेक गाड्यांमध्ये वळणाचा इंडिकेटर चालतच नाही. तुम्ही लेन बदलणार हे मागच्याला कळायचं कसं? आणि सगळेच लुकलुकायला लागले की वळणावर खरोखर बंद पडलेला ट्रक त्याच गर्दीत लपतो. जवळ जाईपर्यंत तो उभा आहे हे लक्षातच येत नाही. मला सगळ्यात जास्त भीती याचीच वाटते.

दिसायचंय ना? मग हेडलाइट लावा, लो बीमवर. हाय बीमचा उजेड धुक्यावर आपटून आपल्याच डोळ्यांवर येतो. नुसत्या डीआरएलवर, म्हणजे दिवसा आपोआप लागणाऱ्या पुढच्या छोट्या दिव्यांवर, विसंबू नका, बऱ्याच गाड्यांत डीआरएल चालू असले तरी मागचे लाल दिवे बंदच असतात. मागचा फॉग लॅम्प फक्त दाट धुक्यात. एरवी त्याच्या झगझगाटात ब्रेक लाइट ओळखू येत नाही.

काच आतून धुरकटली तर फडक्याने पुसत बसू नका. एसी चालू ठेवा, हवेचा झोत पुढच्या काचेवर घ्या आणि रीसर्क्युलेशन (आतलीच हवा फिरवणारं बटण) बंद करा, नाहीतर श्वासातली वाफ गाडीतच फिरत राहते. वायपरने निघणारं धुकं बाहेरच्या बाजूचं असतं. म्हणजे काच फार गार झाली आहे, एसीचं तापमान थोडं वाढवा.

आता टायर. कायद्याने टायरवरची खाच किमान १.६ मिलिमीटर खोल हवी. खाचेच्या तळाशी आडवे उंचवटे असतात, नक्षी झिजून त्यांना टेकली की टायर संपला. पण पावसाळ्यासाठी माझ्या मते ३ मिलिमीटरच्या खाली जाऊच नये, कारण पाणी बाहेर फेकायचं काम त्या खाचांचंच. त्या उथळ झाल्या की वेगात टायर पाण्यावर तरंगतो आणि स्टिअरिंग एकदम हलकं लागतं. अशा वेळी जोरात ब्रेक मारू नका. अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढा, स्टिअरिंग सरळ धरा, टायर पुन्हा रस्त्याला टेकू द्या.

घाट उतरताना गाडी न्यूट्रलवर सोडू नका. ज्या गिअरमध्ये चढवली असती त्याच गिअरमध्ये उतरवा, इंजिनच वेग धरून ठेवतं. सतत ब्रेकवर पाय ठेवला की ब्रेक तापतात आणि नेमके शेवटच्या वळणांवर धरत नाहीत.

साचलेल्या पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारू नका. इंजिनच्या सिलिंडरमध्ये शिरलेलं पाणी हवेसारखं दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी ढकलून किंवा टो करून बाहेर काढा आणि मेकॅनिकने तपासल्याशिवाय चावी फिरवू नका.