आरोपीकडे बोट रोखायचं

स्कॉट टुरो या अमेरिकी लेखकाची 'प्रिझ्यूम्ड इनोसन्ट' ही कादंबरी परवा तिसऱ्यांदा वाचून संपवली. खून कुणी केला ते माहीत असताना परत परत काय वाचतेस, असं घरात विचारलं गेलं. त्याचं उत्तर दोन वाक्यांत देता येईना, म्हणून इथे लिहितेय.

कादंबरीच्या सुरुवातीलाच रस्टी सॅबिच हा सरकारी वकील आपण ज्युरीसमोर कसे उभे राहतो ते सांगतो. नोकरीत नवा असताना एका वरिष्ठाने त्याला बजावलेलं असतं की आरोपीकडे बोट रोखायचंच. ते धाडस तुला झालं नाही, तर त्या माणसाला दोषी ठरवायचं धाडस ज्युरीला कुठून होणार? पुढे एका सहकारी वकील बाईच्या खुनाचा आरोप रस्टीवरच येतो, आणि आयुष्यभर ज्या खुर्चीकडे त्याने बोट दाखवलं तिथे तो स्वतः जाऊन बसतो. त्याचा वकील सँडी स्टर्न शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरची उलटतपासणी घेतो, ते प्रकरण तर मी थांबून थांबून वाचते. आवाज चढत नाही, अदब सुटत नाही, आणि डॉक्टर स्वतःच्याच जुन्या नोंदीत अडकत जातो.

असं लिहायला कोर्टात दिवस काढलेले असावे लागतात. तरीही टुरोला 'वकिलीतून लेखनाकडे वळलेला' म्हणणं मला अर्धवट वाटतं, कारण तो आधी लेखकच होता. जन्म १९४९चा, शिकागोचा. स्टॅनफर्डला तो कथालेखन शिकला, मग तिथेच शिकवू लागला. भाडेकरूंच्या संपावर त्याने कादंबरी लिहिली, ती कुणी छापली नाही. पण तिच्यासाठी भाडेकरूंचे हक्क धुंडाळता धुंडाळता त्याला कायद्याचीच गोडी लागली, आणि १९७५ साली शिकवणं सोडून तो हार्वर्डला कायदा शिकायला गेला. तिथल्या पहिल्या वर्षावरचं त्याचं 'वन एल' १९७७ साली आलं, तेव्हा पदवीसुद्धा हातात पडली नव्हती.

मग १९७८ ते १९८६ शिकागोत केंद्र सरकारचा वकील. लाचखोर न्यायाधीशांना उघडं पाडणाऱ्या 'ऑपरेशन ग्रेलॉर्ड'मधले खटले त्याने चालवले. आणि 'प्रिझ्यूम्ड इनोसन्ट'? ती त्याने बरीचशी कामावर जातानाच्या ट्रेनमध्ये लिहिली. रोज सकाळी तेवढाच वेळ आणि मांडीवर वही. दिवसभर साक्षीदार, फायली, युक्तिवाद. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच वही. अशी कित्येक वर्षं. १९८७ साली पुस्तक आलं आणि धो धो खपलं, पण मला त्या खपापेक्षा ती वही मोठी वाटते. वेळ मिळाला की लिहीन, असं म्हणत बसणाऱ्या प्रत्येकाने (मीही त्यात आले) ती डोळ्यांसमोर ठेवावी.

इथवरच असता तरी तो माझा आवडता लेखक राहिला असता. पण त्याच्याबद्दल आदर वाटतो तो पुढच्या गोष्टीमुळे. नाव आणि पैसा मिळाल्यावरही त्याने वकिली सोडली नाही. एका लहान मुलीच्या खुनात दोषी ठरलेल्या आलेहांद्रो हर्नांडेझचं अपील त्याने फी न घेता लढवलं. त्याने तो खून केलेला नव्हता, तरी तुरुंगातली अकरा वर्षं त्याच्या वाट्याला आली होती. १९९५ साली ती शिक्षा रद्द झाली.

२००० साली इलिनॉयच्या गव्हर्नरने फाशीच्या शिक्षेचा विचार करायला आयोग नेमला, त्यात टुरो होता. त्या राज्यात फाशी पुन्हा सुरू झाल्यापासून १२ जणांना मृत्युदंड दिला गेला होता आणि १३ जण निर्दोष ठरून सुटले होते. टुरोचं मत आधी पक्कं नव्हतं, आणि ते त्याने 'अल्टिमेट पनिशमेंट' या पुस्तकात सरळ मांडलंय. क्रूर खुनांची वर्णनं वाचून त्याचं मन इकडून तिकडे हलत राहतं, तेही त्याने लपवलेलं नाही. शेवटी फाशी असावी का, यावर मत विचारलं गेलं तेव्हा तो 'नाही' म्हणाला.

हे कळल्यावर मी कादंबरीचं पहिलं पान पुन्हा उघडलं. बोट रोखायला शिकवणारं ते पान आता मला आधीसारखं वाचताच येत नाही.