पहिला कॅमेरा वापरलेला घ्या, पैसे लेन्सवर घाला

दसरा जवळ आला की मेसेज सुरू होतात. ‘बजेट पन्नास हजार, पहिलाच कॅमेरा आहे, कोणता घेऊ?’ विचारणाऱ्यांत इंजिनिअरिंगची मुलं असतात, नुकतीच नोकरी लागलेल्या मुली असतात, निवृत्तीनंतर पक्षी बघायला लागलेले काका असतात. प्रत्येकाला वेगळं उत्तर टाइप करण्यापेक्षा माझं मत एकदाच सविस्तर लिहितो.

पहिला कॅमेरा वापरलेला घ्या. पाच-सात, अगदी दहा वर्षं जुन्या मॉडेलची, पण नीट तपासलेली बॉडी घ्या आणि वाचलेला पैसा लेन्सला लावा. बजेटचा निम्मा भाग लेन्सवर गेला तरी चालेल. शोरूममध्ये याच्या बरोबर उलटं होतं. बॉडी नवीकोरी, तिच्यासोबत डब्यात येते ती किट लेन्स, बॅग आणि कार्ड ‘फ्री’. घरी आल्यावर दिवाणखान्यात, ट्यूबलाइटच्या उजेडात फोटो काढले की ते मोबाइलपेक्षा वाईट दिसतात, आणि नवशिक्याला वाटतं की आपल्यालाच जमत नाही. हे बघून मला खरोखर वाईट वाटतं, कारण दोष त्याचा नसतो.

थोडं गणित बघू. १८-५५ किट लेन्स ५५ मिमीवर नेली की तिचं ॲपर्चर, म्हणजे प्रकाश आत यायचं भोक, जास्तीत जास्त एफ/५.६ उघडतं (एफनंतरचा आकडा जितका लहान, तितकं भोक मोठं). साध्या ५० मिमी प्राइमचं, म्हणजे झूम नसलेल्या लेन्सचं, एफ/१.८ उघडतं. या दोन आकड्यांत प्रकाशाचा फरक जवळजवळ दहापट आहे. घरच्या गणपतीपुढे आरती चाललीय, टाळ वाजवणाऱ्या आजोबांचा फोटो हवाय. हात हलतोय, म्हणून शटर १/१२५ सेकंद तरी पाहिजे. एफ/१.८ ला आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता) १६०० वर जो फोटो मिळेल, तोच किट लेन्सने काढायला आयएसओ १६,००० च्या आसपास जावं लागेल. तिथे चेहऱ्यावर दाणे येतात, रंग मळतात. यंदाची सगळ्यात नवी क्रॉप सेन्सर, म्हणजे लहान सेन्सरची, बॉडी आणली तरी ही दहापट तूट भरून निघत नाही. लेन्स बदलली की तेवढ्यानेच ती भरून निघते.

जुन्या बॉडीत कमी काय असतं, हेही खरं खरं सांगतो. निकॉनचा डी७२०० आला २०१५ मध्ये, कॅननचा ८०डी आला २०१६ मध्ये. दोन्ही २४ मेगापिक्सेलचे डीएसएलआर (आत आरसा असलेले कॅमेरे), म्हणजे फोटो ६००० बाय ४००० पिक्सेलचा. आपल्याकडे चांगल्या लॅबमध्ये १२ बाय १८ इंची प्रिंट काढतात, तिला ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) ५४०० बाय ३६०० पिक्सेल लागतात. दहा वर्षं जुना कॅमेरा ते देऊन वर थोडं उरवतो. नव्या मिररलेसचा (आरसा नसलेल्या कॅमेऱ्याचा) खरा फायदा आहे तो ऑटोफोकसमध्ये. माणसाचा डोळा ओळखून ती त्यावर चिकटून राहते, आणि घरभर पळणारं दोन वर्षांचं पोर टिपायचं असेल तर ही मोठीच सोय आहे. व्हिडिओही नव्यात सरस. तुमचं मुख्य काम व्हिडिओ असेल तर ही पोस्ट तुमच्यासाठी नाही, नवी मिररलेसच बघा. पण स्थिर फोटो शिकायचा असेल तर मधला एक फोकस पॉइंट डोळ्यावर ठेवून शटर अर्धं दाबणं आठवड्याभरात हाताला येतं.

‘पण डीएसएलआर आता बंद पडतोय ना?’ कॅनन आणि निकॉन दोघांनी २०१८ मध्ये नवे मिररलेस माउंट (बॉडीवर लेन्स बसवायची जागा) आणले आणि त्यांचा सगळा जोर तिकडेच आहे, हे खरं. माझ्या मते पहिल्यांदा घेणाऱ्याला हीच संधी आहे. लोक जुनी सिस्टिम विकून नव्याकडे चाललेत, त्यामुळे बाजारात चांगला माल पडून आहे. आणि लेन्स वाया जात नाहीत. कॅननचा ईएफ माउंट १९८७ सालचा. त्या लेन्स ॲडॉप्टर लावून आजच्या कॅनन मिररलेसवर ऑटोफोकससकट चालतात. निकॉनच्या एएफ-एस (आत फोकसची मोटर असलेल्या) लेन्सही एफटीझेड ॲडॉप्टरवर तशाच चालतात. उद्या बॉडी बदलली तरी ५० मिमी तुमच्याकडेच राहील.

निकॉन घेणाऱ्यांनी इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण ती दुकानात कुणी सांगत नाही. डी३००० आणि डी५००० मालिकेतल्या बॉडींमध्ये, म्हणजे डी३५००, डी५६०० वगैरेंत, फोकसची मोटर नाही. त्यावर ५० मिमी एफ/१.८डी सारखी स्वस्त जुनी लेन्स लावली तर फोकस हाताने करावा लागतो. डी७००० मालिकेत ती मोटर आहे. शिवाय डी७२०० च्या व्ह्यूफाइंडरमधून, म्हणजे डोळा लावायच्या खिडकीतून, पूर्ण फ्रेम दिसते, डी५६०० मध्ये ९५ टक्केच. फोटोच्या कडेला कुणाचं कोपर किंवा विजेची तार का आली, याचं उत्तर बरेचदा त्या पाच टक्क्यांत असतं.

व्ह्यूफाइंडरबद्दल मी हट्टी आहे. निकॉन झेड३०, सोनी झेडव्ही-ई१० हे कॅमेरे चांगले आहेत, पण त्यांना व्ह्यूफाइंडर नाही. राजगडाच्या माचीवर मार्चमधल्या दुपारी मागच्या स्क्रीनवर काय दिसतं ते एकदा बघाच. काही दिसत नाही. आणि डोळ्याला कॅमेरा लावला की आजूबाजूचं जग नाहीसं होतं, उरते फक्त चौकट. फोटोग्राफी शिकणं म्हणजे ती चौकट भरायला शिकणं. हातभर लांब धरलेल्या स्क्रीनवर ते शिकता येत नाही असं नाही, पण फार उशिरा येतं.

आता कोणती लेन्स? क्रॉप सेन्सर बॉडीवर निकॉनची ३५ मिमी एफ/१.८जी डीएक्स ही माझी पहिली शिफारस. क्रॉपमुळे ती साधारण ५२ मिमीसारखी वागते, म्हणजे घरातही पुरते आणि रस्त्यावरही. कॅननवाल्यांनी ५० मिमी एफ/१.८ एसटीएम घ्यावी. ती १.६ क्रॉपवर ८० मिमीसारखी होते. छोट्या खोलीत भिंतीला पाठ टेकवावी लागते, पण माणसांचे चेहरे सुंदर येतात. मोबाइलची मुख्य लेन्स साधारण २४ मिमीची. चेहरा फ्रेमभर हवा म्हणून तुम्ही जवळ जाता, आणि नाक मोठं, कान मागे, असं होतं. ८० मिमीला तुम्ही दोन पावलं मागे उभे राहता, तिथून चेहरा जसा आहे तसा येतो. आईचा एक फोटो काढा या लेन्सने. मोबाइल आहे ना, कॅमेरा कशाला, असं घरात म्हणणारे त्या एका फोटोनंतर गप्प होतात.

सोनीचा ए६००० (२०१४ चा आहे, पण २४ मेगापिक्सेल आणि व्ह्यूफाइंडर दोन्ही आहे) मिळाला तर त्यावर सिग्माची ३० मिमी एफ/१.४ बघा. ज्याला लहान, हलका कॅमेरा हवाय त्याच्यासाठी ही जोडी उत्तम.

‘एकाच लेन्सने काय होणार?’ असं विचारणाऱ्यांना मी होमाई व्यारावालांचे फोटो बघायला सांगतो. भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार, मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकलेल्या. त्या रोलायफ्लेक्स वापरत. त्या कॅमेऱ्याची लेन्स निघतच नाही, झूमचा प्रश्नच नाही, आणि एका रोलवर बारा फोटो. नेहरूंचे इतके जिवंत क्षण त्या बारा फ्रेममध्ये बसले, कारण कुठे उभं राहायचं हे त्यांना कळत होतं. झूम नसलेली लेन्स तुम्हाला हेच शिकवते: पाय हलवा.

किट लेन्स फेकून द्या असं मात्र मी म्हणत नाही. बॉडीसोबत आली तर ठेवा. १८ मिमीचं टोक वाड्याच्या चौकात आणि कोकणकड्यावर कामाला येतं. फक्त ‘डबल झूम किट’च्या मोहात पडू नका. त्यातली लांब झूम अंधुक उजेडात चालत नाही आणि पक्ष्यांना पुरत नाही.

पक्षीवाल्या काकांचा हिशोब वेगळाच आहे. भिगवणला होडीतून रोहित पक्षी (फ्लेमिंगो) टिपायचे असतील तर १/१६०० चं शटर आणि निदान ४०० मिमीपर्यंतची पोहोच लागते. तिथे आधी लेन्स ठरवा. निकॉनची २००-५०० एफ/५.६ किंवा टॅमरॉन, सिग्माची १५०-६००, आणि मग जी बॉडी परवडेल ती. निकॉनची ती लेन्स सव्वादोन किलोच्या पुढे जाते. घेण्याआधी पाच मिनिटं हातात धरून बघा, खांद्याला विचारा. कास पठारावर फुलं टिपणाऱ्यांना याच्या उलट लागतं. सीतेची आसवं इतकी बारीक असतात की जवळ फोकस होणारी लेन्स हवी. पहिल्या वर्षी ५० मिमीला एक्स्टेन्शन ट्यूब (लेन्स आणि बॉडीच्या मध्ये बसणारी पोकळ नळी) लावून बघा, फार स्वस्तात मॅक्रोची, म्हणजे अगदी जवळून काढलेल्या फोटोंची, चव मिळते. ट्यूब घेताना त्यात लेन्सचे इलेक्ट्रिकल कॉन्टॅक्ट आहेत ना, एवढं पाहा.

आणि ज्यांना पुढे लग्नाची कामं करायचीत त्यांनी दोन कार्डांची बॉडी घ्यावी, यात तडजोड नको. डी७२०० मध्ये दोन स्लॉट आहेत, फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) डी७५० मध्येही आहेत. कार्ड खराब झालं तर नवरीला पुन्हा बोहल्यावर चढवता येत नाही.

वापरलेला कॅमेरा म्हटलं की लोक घाबरतात. ओळखीच्यात मिळाला तर बरंच. मुंबईत फोर्टातला बोरा बाजार आहे, बहुतेक मोठ्या शहरांत जुनं सामान घेणारी-विकणारी दुकानं आहेत. ऑनलाइन जाहिरात बघून आगाऊ पैसे पाठवू नका. समोरासमोर भेटा, दिवसा भेटा, स्वतःचं मेमरी कार्ड न्या आणि अर्धा तास तपासा. विकणारा घाई करत असेल तर उठून या.

काय तपासायचं? शटर काउंट, म्हणजे आजवर किती क्लिक झाले, ते आधी. डी७२०० चं शटर दीड लाख क्लिकसाठी तपासलेलं असतं, डी५६०० चं एक लाख. निकॉनच्या फोटोफाइलमध्ये हा आकडा नोंदलेला असतो, कॅननच्या बऱ्याच बॉडींत तो वेगळ्या सॉफ्टवेअरने काढावा लागतो. निम्म्याच्या आत असेल तर निश्चिंत घ्या. मग एफ/१६ करून पांढऱ्या भिंतीचा किंवा आकाशाचा फोटो काढा आणि मोठा करून बघा. काळे ठिपके म्हणजे सेन्सरवर धूळ. ती साफ होते, ओरखडा साफ होत नाही. १/४००० वर एक फोटो काढा, फ्रेमचा एखादा भाग काळपट दिसला तर शटर थकलंय. भिंतीवर वर्तमानपत्राचं पान लावून ॲपर्चर पूर्ण उघडून सरळ समोरून फोटो घ्या. डावी बाजू स्पष्ट आणि उजवी धूसर असेल तर लेन्स कधीतरी पडलेली आहे. बॅटरी फुगलेली नाही ना, फ्लॅश लावायच्या जागेवर फ्लॅश पेटतो ना, चार्जर अस्सल आहे ना. बिलावरचा सीरियल नंबर आणि बॉडीखालचा नंबर जुळवा. बिल नसेल तर घेऊ नका, चोरीचा माल असू शकतो.

सगळ्यात महत्त्वाची तपासणी टॉर्चची. लेन्सच्या मागून मोबाइलचा टॉर्च मारा आणि पुढून तिरकं बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर ती फंगस. कितीही स्वस्त असली तरी ती लेन्स घरात आणू नका. मुंबई, कोकण, गोवा इथल्या पावसाळ्यात हा रोग सर्रास दिसतो. तो टाळायला फार खर्चही लागत नाही. हवाबंद झाकणाचा प्लास्टिकचा डबा, सिलिका जेल आणि आतली आर्द्रता दाखवणारा छोटा मीटर. काटा ४० ते ५० च्या मध्ये ठेवा. जेलचा रंग बदलला की ते मंद आचेवर गरम करून पुन्हा वापरा. कॅमेरा चामड्याच्या बॅगेत घालून कपाटात ठेवणं म्हणजे फंगसला आमंत्रण.

पन्नास हजारांतले पाच-सहा हजार बाजूला काढूनच खरेदीला जा. एक जास्तीची बॅटरी, दोन चांगली कार्डं, धूळ उडवायचा ब्लोअर, तो डबा. रॉ फाइल (सेन्सरकडून आलेली, प्रक्रिया न केलेली) एकेक २५-३० एमबीची असते, हजार फोटोंत २५-३० जीबी भरतात, त्यामुळे हार्ड डिस्कही लागेल. एडिटिंगला मासिक भाडं भरायची गरज नाही, डार्कटेबल हे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि भरपूर ताकदीचं आहे. शिकायला किचकट वाटेल, महिनाभर चिकाटी ठेवा.

आणि कृपा करून पहिला कॅमेरा हप्त्यावर घेऊ नका. हप्ता डोक्यावर असला की माणूस कॅमेरा जपायला लागतो. पावसात काढत नाही, गर्दीत नेत नाही, विसर्जनाला घरी ठेवतो. वारीत, आठवडी बाजारात, चिखलात नेता येईल असा कॅमेरा हवा.

वीस हजारच असतील तर? तरीही होतं. कॅननचा जुना क्रॉप सेन्सर डीएसएलआर, १८ मेगापिक्सेलचा असला तरी चालेल, आणि ५० मिमी एफ/१.८, तीही वापरलेलीच. अठरा मेगापिक्सेलमध्ये १२ बाय १८ ची प्रिंट व्यवस्थित निघते. एवढेही जमत नसतील तर थांबा, पैसे साठवा, तोवर मोबाइलवर रॉ मोड चालू करून शटर आणि आयएसओ स्वतः बदलून बघा. आणि ओळखीत कुणाचा कॅमेरा कपाटात पडून असेल तर एका रविवारसाठी मागून घ्या. लोक देतात.